भोवऱ्याची घोडी

तीर्थरूप दादांच्या पायी अमरावतीहून देवीदासाचा साष्टांग नमस्कार.

फिर्याद अशी की, तुम्ही दिलेल्या उपरण्याचा काठ माझ्या घोडीने चघळला. गूळ शोधत होती! पूर्वी जवळ गेलो की लाथ झाडायची. आता मी संध्या करतो तेव्हा खांद्यावर मान टाकून ऐकते.

तिच्या कपाळावरचा केसांचा भोवरा धन्याला खातो, म्हणून विका, असे तुम्ही लिहिता. कापसाचे दलालही म्हणतात, "शास्त्रीबुवा, काहून ठेवता तिले?" मी विचारले, "मग यंदा कापसाचा भाव चढला, तोही भोवऱ्यानेच का?" शास्त्र मीही वाचले आहे, दादा. घोडी विकणार नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे?

खरे सांगतो, माझा ताप उतरत नाही. बरेवाईट झाले तर लोक तिलाच दोष देतील. तुम्ही देऊ नका. तिला घरी न्या.

आपला हट्टी धाकटा,
देवीदास