फळ्यावर आहे तसं उतरवा

पनवेल,
गुरुवार, २६ जून

प्रिय गोदू हिस,

शशीचा नमस्कार. (तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी म्हणून नमस्कार, नाहीतर तुझी सध्याची वागणूक पाहता मी आशीर्वादसुद्धा हात आखडूनच दिला असता. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, तेव्हा उभ्यानेच घे.) मी इकडे ठीक आहे, म्हणजे रक्तदाब गोळीच्या ताब्यात आणि गोळ्यांचा डबा माझ्या. तुझे सांधे, तुझा तो डावा कान, चि. सत्यजीत, सूनबाई आणि ज्याला सोडून तुला चार वर्षांत एकदाही पनवेलला येता आलं नाही तो तुझा नातू, हे सगळे खुशाल असतील असं धरून चालते. धरूनच चालावं लागतं, कारण विचारायची सोय तू ठेवली नाहीस. दहा दिवस झाले, तू माझा नंबर ब्लॉक करून बसली आहेस! तू सांगलीला गेल्यापासून रोज संध्याकाळी सातला तुला फोन करणारी मी, आता सातला पंख्याकडे बघत बसते. पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी की आवाजाची नक्कल करणारे भामटे निघालेत म्हणे, पण माझ्यासारखा 'क्ष' काढणारा भामटा अजून जन्माला यायचाय. अक्षर नीट न्याहाळ, खात्री कर आणि मग चष्मा पुसून पुढे वाच.

झालं काय, ते पहिल्यापासून सांगते. (मधूनच सुरू केलं की तू 'आधी काय झालं?' म्हणून अडवतेस.) मे महिन्याच्या शेवटी आपल्या शाळेतून रुचिरा मॅडमचा फोन आला. नेऱ्याच्या पुढची, डोंगराखालची आपली दोन खोल्यांची शाळा. तिथे आपल्यानंतर कुणी मनापासून टिकली असेल तर ही पोरगी. मुलांची नावं आता नुसती रजिस्टरात लिहून भागत नाही, शाळेच्या ऑनलाइन खात्यात घालावी लागतात, आणि ती पालकांनी आपापल्या फोनवरून घालायची असतात. पालक तोंडावर 'हो मॅडम' म्हणतात आणि घरी जाऊन क्रिकेट बघतात. तेव्हा तिच्या डोक्यात आलं की हे झाडून सगळे पालक एकेकाळचे आपले विद्यार्थी, शशिकलाबाई दारात दिसल्या तर अजूनही हात मागे लपवतील. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, गोदू, पण शाळेतून हाक आली म्हटल्यावर मी फोन ठेवला तो साडीला पिन लावतच.

नव्या पनवेलहून दोन रिक्षा बदलून गेले. वाटेत ओळखीचा एक डोंगरच काय तो राहिलाय. आपल्या वर्गातल्या हौसाच्या बापाचं भाताचं खाचर होतं ना, तिथे आता लोखंडी गेट आहे, गेटावर दोन सिंह बसवलेत आणि आत निळ्या पाण्याचा तलाव, त्यात मुंबईची माणसं शनिवार-रविवार डुंबतात. हौसाचा धाकटा भाऊ तिथे वॉचमन आहे. आपल्याच शेताची राखण करतो आणि वर पगार घेतो. तू लावलेली जास्वंद मात्र नळाशी आहे तिथेच आहे, पार खिडकीच्या वर गेलीये. मी तिला हात लावला आणि उगाचच डोळे भरून आले, तेवढ्यात रिक्षावाल्याने सुट्टे मागितले म्हणून आवरलं.

वर्गात तेवीस मुलांचे पालक, लहान बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले, आणि समोर आपला फळा. तोच, काळा. (दुसऱ्या खोलीत टीव्हीसारखा पडदा आहे, त्याच्याजवळ खडू नेला की मॅडम किंचाळतात.) खडू हातात आला आणि मी सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं. जन्मभर जे केलं तेच केलं, फळ्यावर नमुना लिहून दिला. विद्यार्थ्याच्या नावापुढे गावातल्या कुणा एकाच्या पोराचं नाव घातलं असतं तर बाकीच्यांनी तोंडं फुगवली असती, म्हणून तुझं घातलं, गोदावरी. इयत्ता पहिली. पालकाचे नाव शशिकला. मोबाईल क्रमांक तुझा, कारण जगात तेवढा एकच नंबर मला पाठ आहे. (माझा स्वतःचा मला चष्म्याच्या डबीवर चिकटवलेल्या कागदावरून वाचावा लागतो.) मग मागे वळून, बोट उगारून, तेहतीस वर्षं जे वाक्य म्हटलं ते म्हटलं: फळ्यावर आहे तसं उतरवा, काना-मात्रेचा फरक पडता कामा नये. मुलाचं आणि स्वतःचं नाव, इयत्ता तेवढी आपापली, हे आठवणीने सांगितलं. नंबराचं सांगायचं राहिलं. अगं, ते काय सांगायला हवं, असं तुलाही वाटलंच असतं की!

पण आपले विद्यार्थी ते! तेवीसच्या तेवीस जणांनी तुझा नंबर उतरवला. नंतर हौसाला झापलं तर म्हणते कशी, "बाई, आमाला वाटला नंबर बी शालेचाच आसंल. आन तुमाला विचारायची टाप हाय का कुनाची?" आनंदाने तर तुझं-माझं नावसुद्धा उतरवलं. (आनंदा आठवतो ना? फळ्याच्या कोपऱ्यातलं 'फळा पुसू नये' हेही रोज वहीत लिहून घ्यायचा. आता तळोज्याला कारखान्यात पाळीवर जातो, एका मुलाचा बाप आहे, सुधारणा शून्य.) बायकोने कोपर मारल्यावर त्याने दुसरा फॉर्म उघडून आपल्या वरदचं नाव घातलं, पण पहिला राहिला तो राहिलाच. सगळे फॉर्म 'जमा' झाले, मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या संध्याकाळी तुला अर्धा तास माझीच बढाई ऐकवली. तू म्हणालीस, शशी, तू काही बदलली नाहीस. (तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.)

सोळा तारखेला शाळा उघडली, मी पुन्हा तिथे हजर, आणि पितळही उघडं पडलं. आता प्रत्येकाने 'पुष्टी करा' दाबायचं, फोनवर सहा आकडे येणार, ते घातले की खातं पक्कं. सगळ्यांनी दाबलं. कुणाच्याच फोनवर काही येईना. मग पुन्हा दाबलं. आपल्या मुलांची चिकाटी तुला ठाऊक आहे, अर्ध्या तासात शंभर वेळा तरी दाबलं असेल. मग मॅडमनी एका फॉर्मात डोकावून विचारलं की बाई, हा नंबर कुणाचा, आणि मी चष्मा लावून पाहिलं तर तुझा! तिकडे सांगलीत तू दुपारची आडवी झालेली आणि तुझ्या उशाशी शंभर ओटीपी येऊन पडलेले!

तडक तुला फोन लावला. सत्यजीत पडला बँकेतला, त्याने तुझ्या फोनच्या पाठीवर 'ओटीपी देवालाही सांगायचा नाही' अशी चिठ्ठी चिकटवलीये हे मला माहीत होतं. पण मी काय देव आहे? मी शशी आहे! तू मात्र म्हणालीस, मेल्यांनो, माझ्या शशीचा आवाज चोरताना लाज कशी वाटत नाही. आणि वर परीक्षा: खरी शशी असशील तर सांग, पहिल्या पोपटीला मी काय खाल्लं होतं? आता माझी अवस्था बघ. फोन स्पीकरवर. भोवती सगळे पालक आणि ज्यांच्या अंगणात त्या पोपटीचं मडकं लागलं होतं त्या सोनाबाई, हौसाची आई, कान टवकारून पुढ्यातच बसलेल्या. त्या गावात तुझी ख्याती अशी की गोदूबाई अंड्याचं टरफल दिसलं तरी नाकाला पदर लावतात. मी खरं बोलले असते तर ती ख्याती तिथल्या तिथे मातीत गेली असती. म्हणून केवळ तुझी अब्रू राखायला मी म्हटलं, वालाच्या शेंगा. तू म्हणालीस, चोर! आणि फोन कट. नंतर आनंदाने लावला, हौसाने लावला, आणखी आठ-दहा जणांनी लावला, तू एकेकाला ब्लॉक करत गेलीस. आख्खं गाव तुझ्या काळ्या यादीत आहे. सत्यजीतचा नंबर मिळवावा तर तो तुझ्याकडेच, म्हणजे किल्ली कुलपाच्या आत.

तेव्हा हे घे खरं उत्तर, लेखी. आपल्या नोकरीचं पहिलं वर्ष, जानेवारी महिना. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवलेला आणि थंडीने तू माझ्या शालीत शिरलेली. सोनाबाईंनी तुझ्यासाठी शेंगा वेगळ्या काढल्या होत्या. अंधारात तू बटाटा समजून अंडं उचललंस, खाल्लंस आणि म्हणालीस, शशी, इकडचा बटाटा फार चविष्ट असतो गं. मी ते काय आहे ते सांगितलं. तू इकडेतिकडे पाहिलंस आणि हळूच विचारलंस, अजून एक आहे का? एकूण तीन, त्यातलं एक माझ्या वाट्याचं. पटली ओळख? (हे पान वाचून फाडून टाक. सूनबाईंच्या हाती लागलं तर मी जबाबदार नाही.)

आता थट्टा पुरे. सोमवारी, तीस तारखेला, ही खाती बंद होतात. तोवर पुष्टी झाली नाही तर आपल्या शाळेचा पट कॉम्प्युटरवर शून्य दिसणार. आणि पट वीसच्या खाली गेला की मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असं वरून आलंय म्हणे. हौसाची लेक पूर्वी यंदा पहिलीत आहे. डंपरच्या चाकाएवढीही उंची नाही गं तिची, आणि हायवेवर दिवसभर डंपरच असतात. हौसा स्वतः कशी शाळेत आली ते आठव. तुझा नियम होता, तीन दिवस मूल आलं नाही की चौथ्या दिवशी बाई त्याच्या दारात. गेलो आपण, तर ही भावाला सांभाळत ओट्यावर बसलेली. सोनाबाई म्हणाल्या, ती आली तर पोराला कोन बगंल? तू म्हणालीस, त्यालाही पाठवा. वर्षभर तो वॉचमन तुझ्या मांडीवर झोपला, सातच्या पाढ्याला जागा व्हायचा आणि तुझ्या नव्या साड्या त्याने एकूण एक ओल्या केल्या. तू फोन कट केलास त्या दिवशी हौसा माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमी मला दारातून वडत आनलंत म्हनून शिकले. आता माजी पोर मोबाईलमदी अडकलीय, तिला बी काडा." बदल्या आल्या तेव्हा तू रडून आणि मी भांडून जी शाळा धरून ठेवली, ती माझ्याच फळ्यावरच्या एका ओळीने बंद पडायची वेळ आली आहे.

म्हणून विनंती एवढीच. हे पत्र स्पीड पोस्टाने जातंय, शनिवारी पोचेल. पोचताच सत्यजीतच्या फोनवरून मला फोन कर आणि सोमवारी अकरा ते पाच आपल्या फोनजवळ बस. मी एकेकाला दाबायला लावीन, तू आकडे वाचत जा. ओटीपी दहा मिनिटं टिकतो, तेव्हा कृपा करून ते आकडे मला उलट टपालाने पाठवू नकोस. तुझा काही नेम नाही. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा, सत्यजीतला नुसतं 'बघून घेते' म्हणून सांग.

तुझीच, अस्सल,
शशी

ता. क. (शुक्रवार, संध्याकाळ) : पाकीट घेऊन सकाळी पोस्टात निघाले तर वाटेतच मॅडमचा फोन. मदतकेंद्रात काल पहिल्यांदाच कुणीतरी शहाण्या माणसाने फोन उचलला आणि सांगितलं की शाळेच्या खात्यात 'मोबाईल बदला' असं बटण आहे. तशीच रिक्षा करून गेले. पाऊण तासात तेवीस नंबर बदलले, तेवीस ओटीपी ज्याच्या त्याच्या फोनवर आले. हौसाच्या लेकीचं खातं पहिलं पक्कं केलं. हौसा रडली, मी रागावले, मग मीही रडले. शाळा राहिली, गोदू! म्हणजे वरचं सगळं पुराण फुकट गेलं आणि तुला सोमवारी फोनजवळ बसायचं कारण नाही.

ता. क. २ : पत्र तरीही पाठवतेय. खरं सांगू? मला तुझे ओटीपी नकोच होते. एका खोलीत दोन वर्ग घेतले आपण, तू त्या भिंतीकडे तोंड करून, मी या भिंतीकडे; जन्मभर तुझा आवाज माझ्या पाठीशी होता. निवृत्तीनंतर तो फोनवर सातला यायचा. आता दहा दिवस तोही नाही तर घर खायला उठतं. मला तुझी फार आठवण येते. हे तोंडाने कधी बोलणार नाही, म्हणून लिहून ठेवलं.

ता. क. ३ : आनंदाने घातलेला तो पहिला फॉर्म आज सापडला. शाळेच्या खात्यात गोदावरी, इयत्ता पहिली, पालक शशिकला, अशी नोंद आहे आणि शाळा उघडल्यापासून अकरा दिवस तू गैरहजर आहेस. (तुझ्या फोनवर रोज 'आपली पाल्य गोदावरी आज गैरहजर आहे' असा निरोप येत असेल, तो भामट्यांचा नाही.) मॅडम नाव काढायला निघाल्या होत्या, मी तू येईपर्यंत थांबवलंय. तीन दिवसांचा नियम तुझाच. माझे गुडघे धड असते तर चौथ्या दिवशीच सांगलीला तुझ्या दारात उभी राहिले असते. ते नाहीत, तेव्हा तूच ये. नातवाला कोण बघेल, ही सबब चालणार नाही. त्यालाही घेऊन ये, मांडीवर मी घेईन. जुनी साडी काढून ठेवली आहे.