टोचेल तिथे सांग

ता. ६ ऑक्टोबर, मंगळवार सकाळ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. आठ अंगांतलं एक आता जरा कमी पडतं, तेवढं गोड मानून घे. देवाने अजून तरी तक्रार केलेली नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दाजींचा खोकला उतरणीला लागला हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, औषध कपाटात ठेवून खोकला जात नसतो, ते पोटात जावं लागतं. इकडे माझं छान चाललं आहे. खोलीच्या खिडकीला रंग दिला, फिकट पिवळा. आणि ताई, उभा राहून दिला! वरची चौकटसुद्धा. स्टुलावर चढलो नाही, शपथ. ब्रशला काठी बांधली. परांचीवरून पडल्यापासून हातात ब्रश धरला की छाती धडधडायची. त्या दिवशी धडधडली नाही. काम संपल्यावर मी एकटाच मोठ्याने हसलो, तर खालून घरमालकीण बाई ओरडल्या, "काय झालं हो, पडलात का?" म्हटलं, "नाही बाई, उभा आहे!"

तळमजल्याची खोली तू माझ्यासाठी मोकळी केलीस. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलास. रविवारी दाजी गाडी घेऊन मला कायमचं न्यायला येणार आहेत. हे सगळं मी दोनदा वाचलं आणि कागद उशाशी ठेवला. या पत्रात त्याचं उत्तर द्यायचं आहे आणि ते मी देणार आहे. पण आधी दुसरं थोडं सांगतो.

मी कामाला लागलो. नकली पाय बनवतात त्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, शटर असलेला एक लांबट गाळा. आत प्लॅस्टरचा वास, भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर ओळीने पावलं. चालायचा सराव करायला दोन दांड्या आणि समोर आरसा. कंपनीकडून पावलं येतात ती सगळी एकाच रंगाची. माणसं काय एकाच रंगाची असतात? मी एका शिक्षिकेच्या पायाला तिच्या दुसऱ्या पायाचा रंग जुळवून दिला, घोट्यापाशी जरा गडद, बोटांकडे उजळ. ती दोन्ही पावलं जवळ घेऊन बघत राहिली आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. वयाने माझ्याहून लहान असेल! जन्मभर भिंती रंगवल्या, पण कुठल्या भिंतीने असा आशीर्वाद दिला नव्हता.

तो गाळा ज्याचा आहे त्याला सगळे पायवाला म्हणतात. माझा पायही त्यानेच केला. त्याच्याविषयी मागच्या पत्रात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि तू विचारलंस, "बरा माणूस आहे ना?" बरा आहे. तोंडाने फाटका आहे. माझ्याच वयाचा, एकटाच, केस पांढरे आणि त्यात कायम प्लॅस्टरची भुकटी, त्यामुळे खरा पांढरा किती ते कळत नाही. पहिल्या दिवसापासून मला साधू म्हणतो. का, ते सांगतो.

पहिला पाय तयार झाला तेव्हा त्याने तो चढवला आणि विचारलं, "कुठे टोचतं?"

"नाही टोचत."

"जरासुद्धा? सगळ्यांना टोचतं."

"देवाच्या दयेने छान बसलाय."

टोचत होता, ताई. नडगीच्या हाडावर चांगला टोचत होता. पण आपलं घर तुला माहीत आहे. वडिलांनी विचारलं की सगळं ठीक, आईने विचारलं की सगळं ठीक. गावच्या शाळेत हातावर छडी बसली तरी "लागलं का?" म्हटल्यावर मान हलवून नाही. मला वाटलं, माणसाने एवढ्या मायेने पाय केला, त्यात खोट कशी काढायची? कापड गुंडाळून तसाच चालत राहिलो.

मग एक दिवस भाजीबाजारात मागून आरोळी आली. "ए! थांब! थांब म्हणतो ना!" सगळा बाजार थांबला. पायवाला हातातली पिशवी टाकून पळत आला. "तो पाय माझ्या हातचा आहे. त्याला असं फरफटत नेशील तर काढून घेईन!" मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि चारचौघांत पाय उतरवला. आत जखम झाली होती. ती पाहिल्यावर त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "अरे माणसा, तुला दुखतंय हे मला सांगणार कोण? तुझा देव? तो काही माझ्या गाळ्यावर येत नाही."

मी म्हटलं, "त्यानेच तर मला तिथे पाठवलं."

"मग तोंड देऊन पाठवायचं ना!"

भाजीवालीसुद्धा हसली. मीही हसलो. पाय गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसलो असेन.

जखम भरल्यावर त्याने नवीन माप घेतलं आणि अट घातली. रोज येऊन निदान एक तक्रार करायची. तक्रार नाही तर पाय नाही. म्हणाला, "तुमच्यासारख्या सोशिक माणसांनी माझा धंदा बुडवलाय. टोचतं तिथे सांगितल्याशिवाय पायाची खोबण आतून घासायची कुठे, मला स्वप्न पडतं का?" पहिले काही दिवस मला घाम फुटायचा. मग जीभ सुटली. इथे घासतं, तिथे सैल आहे, तुझा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, शीळ घालतोस ती बेसूर आहे. तो खूश! "वा साधू, आता माणसात आलास!"

ताई, आता पुढचं लिहायला घेतलं तेव्हा "माझा मित्र" असं लिहिलं होतं. खोडलेलं दिसेल. खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

पाय तयार झाला. लोण्यासारखा बसला. मी दांड्या सोडून आरशापर्यंत गेलो आणि परत आलो. तो दुसऱ्या कुणाचा साचा भरत होता, हात मनगटापर्यंत ओल्या प्लॅस्टरमध्ये. वर न बघता नेहमीसारखं म्हणाला, "आणखी कुठे टोचतं?"

आता पायात काहीच टोचत नव्हतं. 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो. पण मी म्हटलं, "संध्याकाळी तू शटर ओढून तुझ्या घरी जातोस आणि मी माझ्या. ते टोचतं."

बोललो आणि वाटलं, आता धरणी फाटावी. त्याने वर बघितलं. मग म्हणाला, "कधीपासून?"

"बाजारापासून. नाही, पहिल्या मापापासून."

"मग एवढे दिवस लंगडत होतास की रे," तो म्हणाला. "आणि मीही." त्याने तसाच भरलेला हात पुढे केला आणि मी तो धरला. दोघेही इतके भांबावलो होतो, की प्लॅस्टर वाळून दोन्ही हातांवर कडक झालं तेव्हा भानावर आलो. गरम पाण्यात हात घालून बसावं लागलं. तो हसता हसता रडत होता आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

तर ताई, असं आहे. एवढं वाचून कागद खाली ठेवला असशील, तर चष्मा पूस आणि पुन्हा उचल. तू दाखवलेल्या मुलींना मी नाही का म्हणत होतो, ते आता तुला कळलं असेल. त्यांच्यात काही कमी नव्हतं. माझ्यातही नव्हतं, पण हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. तरुणपणी मी देवाला म्हणायचो, हे माझ्यातून काढून टाक. त्याने कधीच उत्तर दिलं नाही. आता सकाळी डोळे मिटून बसतो तेव्हा काही मागतच नाही, नुसता बसतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी बेसूर शीळ घालत चहा करत असतो आणि मला वाटतं, हेच उत्तर असेल. पाय मागितला होता, पाय करणारा मिळाला.

हो, तो आता इथेच राहतो. घरमालकीण बाईंना मी घाबरत घाबरत सांगितलं, तर म्हणाल्या, "माणूस वाढलं की पाणी जास्त लागतं. तेवढं जपून वापरा." झालं.

म्हणून रविवारी दाजींना पाठवू नकोस. मी येणार नाही. ती खोली, तो दांडा, सगळं तू कशा मनाने केलंस ते मला कळतं. माझी कीव करून नाही, माया म्हणून केलंस. पण मला आता सांभाळायला नेण्याची गरज नाही. मी सुखात आहे, ताई. इतक्या सुखात की रस्त्याने चालताना लोकांना थांबवून सांगावंसं वाटतं.

दाजींना काय सांगायचं ते तू बघ, असं लिहिणार होतो. पण नको, ते ओझं मी तुझ्यावर ढकललं असतं. त्यांना मी वेगळं पत्र लिहितो. ते रागावतील. रागावू देत, राग उतरल्यावरही मी त्यांचा मेहुणाच असेन.

भीती आहे ती तुझी. आई-वडील गेल्यावर माझं गाव म्हणजे तूच. तू पाठ फिरवलीस तर मला परत जायला जागा नाही. म्हणून एकच मागतो. उत्तरात "ठीक आहे" असं लिहू नकोस. आपल्या घरात सगळ्यांनी जन्मभर तेच केलं. तुला राग आला तर राग लिही, लाज वाटली तर लाज लिही, कागद फाटेपर्यंत लिही. मी वाचेन, पुन्हा लिहीन. आणि जमलं तर ये. दार तो उघडेल. माझ्याआधी तोच धावतो, मला उठायला वेळ लागतो. त्याला नाव विचारू नकोस, लाजतो. नुसतं "आत येऊ का?" म्हण.

पत्र आजच टाकतो, म्हणजे शुक्रवारपर्यंत तुला मिळेल.

शेवटी नमस्कार लिहायचा. त्यात एक शब्द तू आणि दाजी नेहमी लिहिता. मी आजवर कधी लिहिला नव्हता. कुणाबरोबर लिहिणार? आज लिहितो.

आम्हा उभयतांचा नमस्कार.

तुझा,
धाकटा