चेंडू थांबेपर्यंत

अण्णा, तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का, की अजून पहाटे उठवतो? आईचे गुडघे बरे आहेत ना? आत्याचा दमा कसा आहे? आणि गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेली तुमची सून, तिचं कसं काय? तिला सकाळचा चहा वेळेवर लागतो, नाहीतर दिवसभर डोकं धरून बसते. आईच्या कानावर तेवढं घालून ठेवा. माझं विचाराल तर ठीक आहे. लातूरच्या घरात एकटाच असतो. पोरं पुण्याला. रविवारी फोन येतो, जेवलात का म्हणून विचारतात, मी हाव म्हणतो, की संपलं बोलणं. मग पुढच्या रविवारपर्यंत घरात आवाज म्हणजे कुकरच्या शिट्टीचा.

लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की माझा हात बसला, अण्णा. स्नूकरच्या काठीवरचा हात. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी. दुसऱ्या कुणाला सांगावं तर त्याला आधी सगळं समजावून द्यावं लागेल, तुम्हाला नुसतं सांगितलं तरी पुरे.

नांदेडात तुमची वकिली बेताचीच होती. पण संध्याकाळी अफसरांच्या क्लबात, त्या हिरव्या बनातीच्या टेबलाशी तुम्ही वाकलात की दिवसभर तुम्हाला ताटकळत ठेवणारे हाकीम सिगारेट विझवून बघत राहायचे. कोपर जागेवर, त्याखालचा हात कोर्टातल्या घड्याळाच्या लंबकासारखा. काठी मागे जाऊन क्षणभर थांबते, मग सरळ पुढे, घाई नाही, हिसका नाही. मला तुम्ही विशीत तिथं नेलंत. वकिली माझ्याच्यानं होणार नाही हे तोवर दोघांनाही कळून चुकलं होतं.

माझं बाकीचं हळूहळू जमत गेलं, फक्त मान खाली राहायची नाही. साहेब आत आला की हातातलं टाकून उठायचं आणि झुकून सलाम करायचा, ही निजामाच्या अमलात वाढलेल्या माणसाच्या हाडात मुरलेली सवय. दारावरची कामट्यांची चिक हलली की माझी मान वर. मान वर आली की खांदा उचलतो, काठी वाकडी जाते आणि पांढरा चेंडू भलतीकडेच. "अरे, तू खेळून राहिला की दरबारात उभा आहेस?" तुम्ही म्हणायचात. "चेंडू थांबेपर्यंत वाकलेला राहा. सलाम कुठं पळून चाललाय?"

घरी टेबल कुठलं? तुमच्या लिहायच्या मेजावर दवाखान्यातली रिकामी बाटली आडवी ठेवायची, घरंगळू नये म्हणून दोन्ही अंगांना कायद्याची जाड पुस्तकं. घरच्या जुन्या काठीचं टोक बाटलीच्या गळ्यातून आत न्यायचं, बाहेर आणायचं, काचेला लागू द्यायचं नाही. आई स्वयंपाकघरात. तिला दिसत काही नाही, पण कान इकडेच. "वाजली रे, वाजली!" ती ओरडते. एकदा तर पदराला हात पुसत बाहेरच आली. "इतकं आवळून धरल्यावर वाजणारच की. जात्याचा खुंटा असा आवळला तर तळहाताला फोड येतात. हातानं नुसतं संगं संगं जायचं." तुम्ही काठी खाली ठेवून म्हणालात, "घ्या, आता वकीलपत्र तुम्हीच घ्या." पण खरं सांगतो, मूठ माझी त्या दिवशी सैल झाली ती कायमची. राहिली फक्त मान.

मग तो दिवस. जिल्ह्याला नवे तालुकदारसाहेब, आताच्या भाषेत कलेक्टर, आलेले. तुम्ही निळ्या चेंडूवर वाकला आहात, काठी मागे जाऊन थांबली आहे, आणि चिक वर होते. खोलीतले सगळे उभे, सगळ्यांचे हात कपाळाला, माझाही. एक तुम्हीच वाकलेले. काठी पुढे गेली, निळा जाळीत पडला, पांढरा हळूहळू चालत राहिला. तो थांबेपर्यंत तुम्ही तसेच. मग तुम्ही सरळ झालात, काठी टेबलाला टेकवलीत आणि रीतसर सलाम केलात.

"क्या वकील साब, नजर कमजोर हो गई क्या?"

"नजर सलामत है हुजूर. गेंद चल री थी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. दोन-तीन दिवसांनी क्लबाचा चपराशी कापडात गुंडाळलेली तुमची काठी घरी देऊन गेला. क्लबाचं दार आपल्याला बंद. आई म्हणाली, "जराशी मान वर केली असती तर काय बिघडलं असतं?" तुम्ही म्हणालात, "स्ट्रोक बिघडला असता." आणि बाटली मेजावर आडवी ठेवून मला हाक मारलीत.

त्यानंतर चेंडू ना तुम्हाला दिसला ना मला. नुसती बाटली आणि काठी. माझ्या उजव्या कोपराच्या मागे उभं राहून तुम्ही बघत राहायचात. पक्षकार दारात खाकरला की माझी मान वर, बाटली वाजलेली, तुमचा सुस्कारा. पुढे संस्थान गेलं, साहेब गेले, क्लबाला कुलूप लागलं. ते उघडायच्या आत तुम्हीही गेलात. माझा एकसुद्धा स्ट्रोक सरळ झालेला न बघता.

मी लातूरला अडतीवर जन्म काढला. टेबल नव्हतं, शिकवणारं नव्हतं. अडतीवर कुणी नसलं की रिकाम्या बाटलीशी आपलं आपण चालूच होतं. सून तुमच्याकडे आल्यावर सकाळ खायला उठायला लागली. इथल्या गंजाच्या बाजारात एका दुकानाच्या वर आता स्नूकरचं पार्लर झालंय, तिथं सकाळी जाऊन बसतो. मालक चाळिशीचा, बोलका. परवा गुलाबी चेंडू सरळ आत गेला आणि मी तसाच वाकलेला. तो धावतच आला. "काका, काय झालं? उसण भरली का पाठीत?" मी म्हटलं, "न्हाई रे, चेंडू चालून राहिला अजून." त्याच वेळी जिन्यावरून चारपाच जणं धडधडत वर आली. माझी मान हलली नाही. अण्णा, हलली नाही.

आता हे तुम्हालाच म्हणून सांगतो. चेंडू थांबल्यावरही मी लगेच उठत नाही. वाकलेला असेपर्यंत कोपराच्या मागे कुणी उभं आहे असं धरून चालता येतं. सरळ झालं की खोली दिसते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे. तरी उत्तर लवकर लिहा.