लाल टिकली, मागचं बटण

४ नोव्हें., मंगळ
टिकल्या परत चिकटवल्या. कंट्रोलरच्या मागच्या उजव्या बटणावर लाल, म्हणजे लाथ. डाव्यावर हिरवी, म्हणजे अडवणे. मागे असल्याने दिसत नाहीत, पण बोटाला लागतात. पुढे कंपनीने A, B, X, Y छापलंय ते छापू दे. ती चारही उजव्या अंगठ्याची, आणि माझा उजवा अंगठा गेल्या वर्षी केळीचे घड कापताना कोयत्याखाली आला तेव्हापासून वाकतच नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मारणं-अडवणं मागे, बोटांखाली आणलंय. आज अकरा फाईट, नऊ जिंकल्या.

६, गुरु
शहरात शनवाऱ्याच्या गेमिंग हॉलमध्ये नाव द्यायला गेले. १६ला मारामारीच्या गेमची स्पर्धा. मालक विक्कीभैयाने माझा कंट्रोलर उलटा करून बघितला. "दीदी, ये बिंदी किसने लगाई?" मग नियमांचा कागद पुढे. बटणं बदलायची नाहीत, वर काही चिकटवायचं नाही, सबके लिए एक ही लेआउट.
हात पुढे केला. अंगठा बघितला त्याने. मग म्हणे, "आप चीफ गेस्ट बन जाओ ना. स्टेज पे सत्कार करेंगे."
सत्कार! मला खेळायचंय आणि याला माझ्या गळ्यात हार घालायचाय. असं डोकं फिरलं! खेळाडूंच्या यादीत नाव लिहूनच उठले.

७, शुक्र
आई : "कायले जातीस तिथी? सारे हाताकडेच पाहतीन."
पाहू देत. वर्षभर दुसरं काय पाहताहेत? आमच्या गावात, बहादरपुरात, माझ्या लग्नाची गोष्ट निघाली की आधी अंगठा निघतो. एकदा तरी त्यांनी हा हात जिंकताना बघावा.

१०, सोम
टिकल्या काढल्या. कंपनीच्याच बटणांवर सराव. ताठ अंगठा B वर पोचेपर्यंत समोरचा तीनदा मारून मोकळा. सगळ्या हरले. रडले. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू.
नाव मात्र काढणार नाही. हरायचं तर खुर्चीत बसून हरेन, स्टेजवर नारळ घेऊन नाही.

१२, बुध
संध्याकाळी वडील, आमचे अण्णा, ओसरीवर पेटी घेऊन भजनाची चाल बसवत होते. मी पलीकडे खेळतेय, हरतेय, चिडतेय. शेवटी अण्णाच वैतागले. भाता थांबवून म्हणाले, "मांडीवर ठेव ना ते. पेटी कोनी हातात धरून वाजवते काय? बोटं टाक वरून."
ठेवलं. तर्जनी A वर, मधलं बोट B वर. अंगठा बाजूला निवांत. अक्षरं जिथली तिथं, सेटिंग जशीच्या तशी!
चार जिंकल्या. अण्णांना सांगितलं तर म्हणे, सूर सांभाळ.

१५, शनि
दहातल्या सात. X अजून चुकतो. आईने न विचारता निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय.

१६, रवि
हॉल भरलेला. विक्कीभैयाने कंट्रोलर तपासला, एकदम स्वच्छ. लाल टिकली आज माझ्या कपाळावर आहे. ती त्याने बघितली, आणि कंट्रोलर परत दिला.
पहिली फाईट जैनाबादच्या एका कॉलेजवाल्याशी. कंट्रोलर मांडीवर आडवा ठेवला तशी मागून शिट्टी आली.
विक्कीभैया पुढे आला. "दीदी, ऐसे नहीं पकड़ते."
"कागद आणा. कसं धरायचं ते कुठे लिहिलंय?"
कागद दोनदा वाचला. नाही लिहिलेलं. "रुको, टूर्नामेंट वालों से पूछता हूँ," म्हणून फोन घेऊन बाहेर गेला.
वीस मिनिटं झाली. कॉलेजवाला म्हणतो, चला दीदी, तोवर चहा पिऊन येऊ. म्हटलं, माझा इथेच आण. खुर्ची सोडली तर परत मिळेल याचा भरवसा नाही.
हे मोबाईलवर डाव्या हाताने लिहितेय. उजवी बोटं A आणि B वरच आहेत. मागच्या रांगेत अण्णा, आणि त्यांच्या शेजारी चक्क आई. हाताकडेच बघतेय.
विक्कीभैया दारातून आत येतोय. मी उठणार नाही.