पाळण्याखालची कढई

१२ जुलै १९९८
आटगावात बस्तान बसलं एकदाचं. कारखान्याने दोन खोल्या दिल्यात. मागे भातखाचरं, पुढे चिखल. बायकोला, समीक्षाला, जागा आवडली. तीन महिन्यांच्या लेकीला, प्रेमालाही आवडली असावी, कारण खणखणीत रडून तिने शेजारपाजार आजच ओळखीचा केला. माझ्या आईचं नाव ठेवलंय, गळाही आईचाच घेतला. शेजारच्या लहानीबाई उद्यापासून तिला न्हाऊ घालायला येतील.

माझं काम झिओलाइटचं. साबुदाण्याएवढे मणी, अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं. भोकात मावेल तो रेणू आत शिरतो आणि भिंतीला चिकटून बसतो, पाणी सगळ्यांत आधी. मणी भरले की थांबतात, तापवले की सगळं परत सोडतात. कामगारांना हे समजावताना मी जरा भाव खाल्ला.

१९ जुलै
दुपटी वाळत नाहीत, घरभर कुबट वास. आज ताजे भाजलेले मणी डबाभर आणले आणि लोखंडी कढईत ओतून पाळण्याखाली ठेवले. संध्याकाळपर्यंत दुपटी कडकडीत. समीक्षाने पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं.

२३ जुलै
कुबट वास गेला. फोडणीचाही येईना. लहानीबाई प्रेमाची टाळू हुंगत राहिल्या. म्हणाल्या, "पोरीच्या टाळूला दुधाचा वास नाय येत, भाऊ." मी त्यांना तेल बदलायला सांगितलं.

२६ जुलै
प्रेमा रडते, म्हणजे तोंड उघडते, लालबुंद होते. आवाज नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी घसा तपासला, ठीक आहे म्हणाले. मला फार भीती वाटते आहे.
घरी येऊन कढई हलवायला गेलो तर एका हाताने उचलेना. एव्हाना मणी भरून थांबायला हवे होते.

२७ जुलै
मूठभर मणी कारखान्याच्या भट्टीत तापवले. आधी वाफ आली. मग टाळूचा वास. मग प्रेमाचं रडणं, तिचंच, धुराड्यातून वर निघून गेलं. भट्टीवरच्या कमळूने विचारलं, साहेबांनी पोर कामावर आणलंय का.
तेवढं गेलं. बाकीचं कढईत आहे. फेकून कसं देऊ?

२८ जुलै, सकाळ
दारं-खिडक्या लावून कढई स्टोव्हवर चढवली. प्रेमा समीक्षाच्या मांडीवर. मणी तापले तशी खोली रडण्याने भरली. मग ते रडणं एकाच ठिकाणाहून येऊ लागलं, तिच्या तोंडातून. आम्ही दोघंही रडलो.

दुपार
निवताना मणी सर्वांत जोरात ओढतात. हे मीच कामगारांना शिकवलं होतं. प्रेमाचा आवाज पुन्हा बसायला लागला. कढई खाचरात फेकायला उचलली तर डावा तळवा सुटेना. लहानीबाईंना म्हटलं, दोघींना आत्ता कसाऱ्याला प्रेमाच्या मामाकडे न्या. समीक्षा हलेना. शिवी दिली तेव्हा गेली.
कोणी सोडवायला आलं तर त्याचंही जाईल. दाराला आतून कडी घातली.
भरले की थांबतात. मग मी भरतो.

संध्याकाळ
शाईला वास नाही. ओरडून पाहिलं — नाही.
असू दे. माझं जातंय तोवर तिचं —
आठवतंय ते जाण्याआधी लिहून ठेवतो. बायको समीक्षा. गाव आटगाव. मुलगी तीन महिन्यांची, खणखणीत रडते. तिला माझ्या आईचं नाव ठेवलंय. आईचं नाव —