प्राजक्ताला आणायला दीपगृहावर

१८ फेब्रुवारी
सिन्नरहून फोन. मुलाच्या आईच बोलल्या. संक्रांतीच्या रजेत निखिल बघून गेला होता, त्याला आमची प्राजक्ता पसंत, घर पसंत, फुलशेती पसंत. नापसंत फक्त नोकरी. "लग्नानंतर सोडावी लागंल बरं का ताई. एवढ्या लांब सून ठिवून आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, त्याची काळजीच नको. पाडव्याला सुपारी फोडू.
फोन ठेवल्यावर ह्यांचं सुरू. "पोरीला इचारलं का?"
विचारायचं काय त्यात? गेल्या पावसाळ्यात गेली ती तिकडे कोकणात, अभयारण्यातल्या दीपगृहावर. दिवा लावायचा, दिवा विझवायचा, ह्याला नोकरी म्हणतात? असं मी फुलबाजारात सगळ्यांना सांगते. सरकारी आहे, हेही सांगते.
मी स्वतः जाऊन आणणार तिला. माझ्यापुढे नाही म्हणायची नाही ती.

२० फेब्रु.
शेवंतीच्या प्लॉटवरच्या बल्बच्या माळा उतरवल्या. हंगाम संपला. रात्री दिवे लावून झाडांना फसवायचं, दिवस मोठा आहे असं वाटायला लावायचं, मग कळी आपल्याला हवी तेव्हा. दरवर्षीचं आहे. आता वाफे मोकळे दिसतात तर घरातच अंधार झाल्यासारखं वाटतंय.
एक माळ प्रा.साठी बॅगेत टाकली. मागे एकदा म्हणाली होती, "आई, इथे अंधार पडल्यावर बाहेर दिवा लावत नाही कोणी." लेकीच्या जातीनं असं राहायचं? मी असेन तोवर तरी अंगणात उजेड पाहिजे.
हे म्हणाले, "दीपगृहावर बल्ब घिऊन चालली. उद्या गंगेला पाणी नेशील."
नेईन.
तिला फोनवर एवढंच सांगितलं की दीपगृह बघायला येते. आणायला येते हे नाही सांगितलं. खूश झाली. आता ठेचा, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी...

२३ फेब्रु., प्रा.च्या क्वार्टरमध्ये
पोचले. रात्रभर बस, मग दुसरी बस, मग जीप, शेवटी वनखात्याचं गेट. कंबर उरलेली नाही. वनरक्षकाने विचारलं, कोणाकडे? नाव सांगितल्याबरोबर उठून उभा राहिला. "मॅडमच्या आई का?" मॅडम! घरी जेवलेलं ताट उचलत नव्हती.
दीपगृह इंग्रजांच्या काळातलं. काळा दगड, भिंत इतकी जाड की खिडकीत माणूस आडवा होईल. आजूबाजूला करवंदीच्या जाळ्या, खाली वाळू, मग नुसतं पाणी. बाकी काही नाही. दुकान नाही, देऊळ सुद्धा लांब.
प्रा. वाळली आहे. उन्हाने काळवंडली आहे. कुशीत घेतलं तर केसांना तेल नाही आणि हातांना मशीनचं तेल. रडू आलं, पण दाखवलं नाही. भाकरी मात्र तीन खाल्ल्या तिने, ठेचा लावून लावून. उद्या काढते विषय.

२४ फेब्रु.
आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.
सकाळी ती कामावर गेली, मी अंगणाच्या कठड्यावर माळ बांधली. माझ्या हातचं काम, एक बल्ब वाकडा नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आज कासवाची पिल्लं निघालीत. समुद्रात सोडायची आहेत. बघायला चल." मी म्हटलं, हो पुढे, आलेच. म्हटलं, येताना तिला वर बघू दे आईने काय आणलंय ते. अंधारायला लागल्यावर बटण दाबलं. सगळा उतार उजळला. शेवंतीच्या प्लॉटसारखाच.
खाली वाळूवर गावातली माणसं, मध्ये प्रा. तिने हात हलवला. मीही हलवला. ती ओरडत होती, मी मान डोलावत होते. मग ती चढण पळत आली आणि प्लगच उपटला.
"आई, ती तुझ्याकडे यायला लागली!"
कोण? म्हणे पिल्लं. चमकतं पाणी बघून ती समुद्र ओळखतात, आणि माझे बल्ब पाण्याहून जास्त चमकत होते. सगळी समुद्राला पाठ करून डोंगर चढायला निघाली होती.
खाली गेले. तळहातात मावेल एवढा एकेक जीव, वाळूत उलटापालटा. लोक अंधारात चाचपडत गोळा करत होते. वाडीतले नाना आहेत, कासवांची अंडी जाळीत राखतात ते. म्हणाले, "वहिनी, बसा तिथेच. पाय हलवू नका, पायाखाली येतील." बसले. एवढ्या माणसांत मला कोणी गप्प बसवलेलं नाही आजवर.
प्रा. सांगत होती आणि सगळे ऐकत होते. टोपलीत मोजून घेतली, पुन्हा ओल्या वाळूवर सोडली. सगळी मिळाली. नाना म्हणाले, "मॅडम आहेत म्हणून."
परत येताना मी कुरकुरले, आणि तुमचा एवढा मोठा दिवा चालतो तो? म्हणाली, तो लांब समुद्रावर जातो, वाळूवर पडत नाही. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२५ फेब्रु.
दीपगृहात वर गेले. गोल जिना, मध्ये दोनदा बसले. वर माणसापेक्षा उंच काचेचं भिंग, पितळी कडा सोन्यासारख्या लख्ख. प्रा. मऊ फडक्याने पुसत होती. आमच्या देवघरातली समई कधी अशी पुसली नाही कार्टीने. बाहेर कठड्यावर वारा इतका की पदर दातात धरला. तिथून बघितलं आणि... एवढं मोठं काही मी पाहिलेलं नव्हतं.
मग काढला विषय. निखिलचं.
"चांगला आहे तो," म्हणाली.
"मग?"
"मग काय. माझं मी सांगेन ना आई. थोडं थांब."
आणि पुन्हा भिंगाकडे वळली. मी ओळखलं. पोटची पोर आहे, चेहरा वाचता येतो मला. आईचं मन मोडवत नाही म्हणून थांब म्हणते. हिला इथून न्यायची म्हणजे... नाही. नाही नेणार. बॅग भर म्हटलंच नाही.

२७ फेब्रु., घरी
एकटीच परत आले. हे स्टँडवर घ्यायला. मागे बघत होते, कोणी उतरतंय का. चहा पिताना म्हणाले, "कशी हाय?" मी म्हटलं, मॅडम हाय.

२८ फेब्रु.
सिन्नरला फोन केला. आपलं काम रोखठोक. स्पष्ट सांगितलं, मुलगी नोकरी सोडणार नाही, तुम्ही दुसरं स्थळ बघा. त्या बाई गारच पडल्या. "तुम्हीच म्हटल्या व्हत्या ना पाडव्याचं?" म्हटलं, म्हटलं होतं, आता नाही म्हणते.
फार हलकं वाटलं. आज पहिल्यांदा मी माझ्या लेकीसाठी जगाच्या विरुद्ध उभी राहिले. बाजारातही ताठ मानेने सांगितलं सगळ्यांना.
हे म्हणाले, "तू लय घाई करती." ह्यांचं काय, ह्यांना पेरणीही घाईची वाटते.

१ मार्च
प्रा.चा फोन. आवाज असा कधी ऐकला नव्हता.
"आई, तू सिन्नरला काय सांगितलंस?"
सांगितलं. कौतुकाने सांगितलं.
निखिल आणि ती जानेवारीपासून बोलताहेत. रोज. तो रत्नागिरीत एखाद्या कंपनीत नोकरी बघतोय, तिच्याजवळ राहायला. घरी सांगायचा धीर गोळा करत होता. पाडव्यापर्यंत सांगणार होता. आता घरात त्याचं कोणी ऐकून घेत नाही. मुलीकडूनच नकार आला म्हणतात.
"तुला तिथं बघून मला वाटलं..."
"तुला वाटलं. आणायला आलीस तेव्हा तुलाच वाटलं, ठेवून गेलीस तेव्हाही तुलाच. मला एकदा तरी विचारलंस?"
ठेवला तिने फोन.
जेवण गेलं नाही. पोरीचं वाटोळं केलं मी, तेही कौतुकाने.

२ मार्च
पहाटेच ठरवलं, सिन्नरला जायचं. त्या बाईंच्या ओट्यावर बसायचं आणि चूक माझी, मुलीची नाही, असं चारचौघांत म्हणायचं. बोलण्यात मी कोणाला हार जात नाही, मन वळवीनच. चांगली साडी काढली. हे मोटरसायकल पुसायला लागले.
उंबऱ्यातून परत फिरले. फोन लावला. पहिल्यांदा उचललाच नाही. परत लावला.
"प्राजू, मी सिन्नरला जाऊ का?"
तिच्यामागे वारा ऐकू येत होता.
"निखिलशी बोलते. मग सांगते."
"बरं," म्हटलं.
दुपार झाली. हे दोनदा विचारून गेले, निघायचं का. नाही म्हटलं. साडी नेसूनच बसले आहे. बसवत नाही, पण बसले आहे.