डब्यावर ‘दादासाठी’ लिहिलेली टेप

लिहून ठेवतो मी, जगन्नाथ वासुदेव परचुरे, वय वर्षे चोपन्न, राहणार नोव्हाय, मिशिगन, की आज माझी बुद्धी शाबूत आहे. यकृताबद्दल डॉक्टर तसे म्हणत नाहीत. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. पत्नी शरयू शेजारच्या खोलीत आहे, पण तिने दडपण आणणे केव्हाच सोडले.

१. घर, गाडी व बँकेतील शिल्लक शरयूची. माझे संस्कृत ग्रंथ कोणी मागे लागला तरच द्यावेत. तसा कोणी लागणार नाही.

२. धाकटा भाऊ दिगंबर इंग्लंडात बर्मिंगहॅमला इंजिनियर व्हायला गेला आणि चार गोऱ्या पोरांबरोबर ब्लूज वाजवू लागला. तो वारल्यावर त्याच्या एकतीस रेकॉर्डी माझ्याकडे आल्या : यार्डबर्ड्स, क्रीम, पिंक फ्लॉईड, आणि काही बँड ज्यांची नावे त्यांच्या आयांनाही आठवत नसतील. त्या त्याच्या मुलीला, चि. मृणालिनीला, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला पाठवाव्यात. अपवाद क्रीमची एक. तिच्या कव्हरवर आमचे स्नेही प्रताप मणेरीकर यांनी चहाचा कप ठेवला होता. डाग त्यांचा आहे, त्यांच्याकडेच जावा.

३. आता टेप. सदुसष्ट साली अमेरिकेला येताना दिगंबरकडे दोन आठवडे राहिलो. रोज म्हणे, “दादा, एकदा क्लबात ये की रे! तुझं देव-देवौ-देवाः तरी काय वेगळं आहे? तेच तेच, फक्त सुरात.” मी गेलो नाही. निघताना त्याने स्पूलची एक टेप हातात कोंबली. डब्यावर ‘दादासाठी’, एवढेच. कोरी टेप भेट दिली असे मी धरले. त्याच्यापाशी मला ऐकवण्यासारखे काही असेल, हे मनातही आले नाही. पंधरा वर्षे डबा उघडला नाही.

ब्याऐंशीच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाला भटजी मिळेना. घरोघरी लावता यावी म्हणून अख्खी पूजा मी माझ्या आवाजात त्या टेपवर भरली आणि कॅसेटी काढून चाळीस घरी वाटल्या. उच्चार निर्दोष आहेत. पुढे एकदा टेप शेवटपर्यंत चालू राहिली, तेव्हा कळले मी काय पुसले ते.

४. मृणालिनीच्या जन्माआधीच दिगंबरने गिटार विकली. तिने त्याला वाजवताना कधी ऐकले नाही. दुसरे रेकॉर्डिंग नाही. या टेपबद्दल त्यानेच तिला सांगितले होते. चार वर्षे ती फोनवर विचारते, “काका, बाबांची टेप मिळाली?” मी म्हणतो, “शोधतोय गं.” हे खोटे आहे. टेप माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ती, टेपरेकॉर्डरसह, तिला द्यावी.

मुली, मंत्रपुष्पांजलीनंतर बंद करू नकोस. अर्धे मिनिट गिटार उरली आहे. मग तुझे बाबा बोलतात : “दादा, इथवर ऐकलंस? मग आता यायला हरकत नाही.”

५. माझ्या अंत्यविधीला मंत्र नकोत. ते अर्धे मिनिट लावावे. या खेपेस मी आलेला असेन.

नोव्हाय, ९ नोव्हेंबर १९८६
(सही) जगन्नाथ वासुदेव परचुरे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली :
डॉ. एकनाथ भडकमकर
कांचन भडकमकर